लॉनवरची घोळ

देशाचा बाजार परदेशी कंपन्यांना नुकताच खुला झाला होता. आमच्या कॉम्प्युटर कंपनीनं त्या तोऱ्यात हैदराबादच्या ऑफिससमोर हिरवंगार लॉन लावलं. त्यातलं तण निंदायला अंबरपेठहून एक बाई येई. मूळची नांदेडकडची, नाव मी कधी विचारलं नाही. लॉनमध्ये घोळ उगवायची, जाड पानांची, लालसर देठांची. बाई उकिडवी बसून एकेक रोप मुळासकट उपटी, ओच्यात टाकी आणि घरी नेऊन डाळीत शिजवी.

मग साहेबांनी गवत कापायचं परदेशी यंत्र आणलं आणि बाईला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

"साब, घोळ कापू नका," ती जाताना म्हणाली. "जितके तुकडे कराल तितकी रोपं व्हतील."

साहेब हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

यंत्रानं घोळीचे तुकडे लॉनभर उधळले. पंधरा दिवसांत तुकड्यातुकड्याला मुळं फुटली आणि गवत शोधायची वेळ आली. त्यात परदेशी पाहुणे यायचे होते. शेवटी साहेबांनी स्वतःची गाडी पाठवून बाईला आणवलं.

दोन जावांना घेऊन ती गाडीतून उतरली, ती थेट पोर्चमध्ये. तीन दिवसांत लॉन साफ झालं, पोती भरभरून घोळ बाजारात गेली आणि यंत्र शेडमध्ये.

नळाजवळचं एक रोप मात्र तिनं तसंच ठेवलं. मी बोट दाखवलं.

"राहू द्या, ताई," पदर खोचत ती म्हणाली. "माझी नोकरी हाय ती."