नारोजीअण्णांच्या नावावरचा बोल्ट

यशवंतपूरच्या आमच्या गॅरेजांच्या गल्लीत गेली आठ वर्षं सगळे असंच धरून चालले होते, की बसप्पाच्या ट्रकचं इंजिन नारोजीअण्णांच्या हातून फुटलं. ते माझ्यामुळे फुटलं. इंजिनाच्या आत मी एक जुना बोल्ट घातला आणि अण्णांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो. अण्णांना जाऊन आता सहा आठवडे झाले. त्यांच्याविषयी चार शब्द लिहा असं मला सांगितलं गेलं, तेव्हा त्यांच्या कसबाविषयी लिहायचं ठरवून बसलो होतो. पण दोन ओळी झाल्या की उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो... हे आधी सांगितल्याशिवाय पुढचं काही लिहिता येईना.

मी निपाणीकडचा. पंचविशीत बेंगळुरूला आलो आणि अण्णांच्या गॅरेजात लागलो. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, मराठीत निम्मी कन्नड. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सहा सिलिंडरच्या एका जुन्या ट्रकपुढे उभं केलं. इंजिन ठकठकत होतं. "कुठनं वाजतंय?" मी म्हणालो, "खालून." "खालून म्हणजे? मागडी रोडवरनं? कानात काय इडली भरलीय?" मग त्यांनी लांब पेचकस इंजिनाला टेकवला, मूठ कानाशी धरली आणि डिझेलची एकेक नळी सैल करत गेले. वैद्य पोटावर बोट दाबून 'इथं दुखतं का' विचारतो, तसं. चौथी नळी सैल केल्यावर आवाज दबला. "चौथ्याचं बेअरिंग," ते म्हणाले. उघडलं, तर चौथ्याचंच होतं.

पण त्यांची खरी विद्या दिसायची ती इंजिन फुटून आल्यावर. आतले सगळे तुकडे ते डिझेलमध्ये धुऊन गोणपाटावर ओळीनं मांडायचे आणि भिंग घेऊन उकिडवे बसायचे. पहिलं कोण तुटलं ते शोधायचं, बाकीचे त्याच्या धक्क्यानं गेलेले असतात, असं ते म्हणत. एका झटक्यात तुटलेल्या लोखंडाची कड साखरेसारखी दाणेदार चमकते. हळूहळू चिरत गेलेल्याचा अर्धा भाग काळपट, गुळगुळीत होतो आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक रेषा उमटतात. हे मला त्यांनीच दाखवलं. त्यांचा आणखी एक नियम होता. इंजिन कुणीही उघडावं, आतलं काम कुणीही करावं, पण शेवटी खालचं तेलाचं भांडं, ज्याला आम्ही चेंबर म्हणतो, ते अण्णाच लावणार. लावण्याआधी विचारणार, "सगळं नवं?" कारण इंजिन ज्यानं बंद केलं, पुढचं उत्तर त्यानं द्यायचं.

बसप्पा हे आमचं जुनं गिऱ्हाईक. ट्रक त्याचा, चालवायचाही तोच. दसऱ्याच्या आयुधपूजेला ट्रक दारात हवा म्हणून तो सकाळपासून गॅरेजात बसून होता. पिस्टनचे दांडे क्रँकला आवळून धरणारे बारा बोल्ट असतात. एकदा आवळले की ते ताणले जातात, म्हणून इंजिन उतरवलं की बाराही नवे घालायचे. त्यातल्या एकाचे आटे खराब निघाले. मी पार्टच्या दुकानाकडे धावलो, तर दुकान पूजेच्या साफसफाईसाठी बंद. परत आलो. जुन्या बोल्टांतला एक पुसला, बरा दिसला, घातला. बारातला एकच तर आहे, असं मनाशी म्हटलं. मी तेव्हा चांगला चाळिशी ओलांडलेला माणूस होतो, नवशिका नव्हतो. अण्णा चेंबर घेऊन खाली सरकले आणि त्यांनी विचारलं, "सगळं नवं?"

"सगळं नवं, अण्णा."

तीन आठवड्यांनी तुमकूर रोडवर बसप्पाचा ट्रक आधी टकटकला आणि मग धाडकन बंद पडला. ओढून आणला तेव्हा इंजिनाच्या कुशीला मूठ जाईल एवढं भोक होतं. अण्णांनी तुकडे मांडले. दांडा, पिस्टनचे अर्धे, लायनरच्या चिपा. सगळ्या कडा चमकत होत्या. मग एक बोल्ट उचलून त्यांनी भिंगाखाली धरला. अर्धा काळपट, त्यावर त्या रेषा, आणि डोक्यावर जुन्या संचाची खूण. ती मीही पाहिली. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. गल्लीतून एखादी रिक्षा निघून जावी तेवढाच वेळ. मी बोलू शकलो असतो. बसप्पानं विचारलं, "काय झालं अण्णा?" आणि अण्णा म्हणाले, "माझ्या हातनं चुकलं, बसप्पा."

बसप्पानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "वय झालं अण्णा तुमचं. आता स्वल्प बसा, आराम करा." आठवड्याभरात हे गल्लीच्या त्या टोकापर्यंत गेलं. गिऱ्हाइकं येऊन सरळ माझ्याकडे चावी द्यायला लागली. चेंबर मी लावू लागलो. अण्णा कोपऱ्यात बसून असायचे. एकदा एका ट्रकचा आवाज ऐकून मी म्हणालो, इंजेक्टर. अण्णा तिथूनच हळू म्हणाले, "पिस्टनची पिन वाजतेय." ड्रायव्हर हसला, "सुम्ने बसा अण्णा, गप्प. तुमच्या हातचं आम्ही एकदा भोगलंय." त्याला गप्प करायचं काम माझं होतं. मी वाकून पाना शोधत राहिलो. पिनच निघाली. ती मी मुकाट्यानं बदलली, तेव्हा अण्णा घरी गेलेले होते. मग सुंदराक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, त्यांना मत्तिकेरेच्या घरीच थांबवून घेतलं.

मी वरचेवर जायचो. फळं न्यायचो, दवाखान्यात न्यायचो, आणि दर वेळी पायऱ्या उतरताना ठरवायचो की पुढच्या वेळी... शेवटचा गेलो तेव्हा अक्का आत कॉफी करत होत्या. अण्णांना धाप लागत होती, पण बोलत होते. मी म्हणालो, "अण्णा, बसप्पाचा तो बोल्ट..."

"ते मला कशाला सांगतोस? मला तेव्हाच दिसलं."

"मग स्वतःवर का घेतलंत?"

"बंद मी केलं होतं ना." दम घेऊन म्हणाले, "ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग. पण मी आहे तोवर सांग, सरी? मलाही एकदा गल्लीत जाऊन यायचंय."

मी म्हणालो, "रविवारी सांगतो. तुम्हाला घेऊनच जातो." शुक्रवारी सकाळी अक्कांचा फोन आला. मी ट्रकखाली होतो. हातातला पाना खाली ठेवावा हेसुद्धा सुचलं नाही. तो घेऊनच मत्तिकेरेला पोचलो.

दिवसकार्य झालं. तरी मी बोललो नाही. आता कुणासाठी, असंही मनात येऊन गेलं. हेही इथं लिहितो. पण कामात हात ठरेना. आवळलेले बोल्ट सोडून पुन्हा आवळायचो. गेल्या सोमवारी ते तसंच टाकून अक्कांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "मी त्यांना म्हणायची, डोळे गेले तुमचे, कुणाच्या जिवावर बेतेल. डॉक्टर म्हणाला नजर बरी आहे, तरी मी सोडलं नाही. ते एकदासुद्धा नाही म्हणाले नाहीत रे, विलास." मी माफी मागू लागलो, तर त्यांनी परात बाजूला सारली. "मला कशाला? गल्लीत सांग. चल, मी येते."

लग्नाला पन्नास वर्षं होत आली, पण अक्का त्या गल्लीत पहिल्यांदाच येत होत्या. तेल चुकवत, निऱ्या उचलून धरत माझ्या पुढे चालत होत्या. चहाच्या गाड्याशी बसप्पा होता, आठ-दहा मेकॅनिक, ड्रायव्हर होते. अक्कांना पाहून सगळे उभे राहिले. मी कन्नडमध्येच बोललो. "बसप्पा, तुझं इंजिन अण्णांच्या चुकीनं फुटलं नाही. जुना बोल्ट मी घातला. सगळं नवं आहे, असं मी त्यांना खोटं सांगितलं. त्यांनी ते स्वतःवर घेतलं आणि आठ वर्षं मी घेऊ दिलं. मला माफ कर."

बसप्पा माझ्याकडे बघत नव्हता. तो अक्कांकडे बघत होता, आणि त्याच्या हातातला ग्लास तसाच राहिला होता. मग अक्का म्हणाल्या, "पलीकडच्या गॅरेजात ऐकू गेलं नाही. मोठ्यानं सांग."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.