न घेतलेली शपथ

जेलातल्या भेटीच्या खोलीत सगळेच ओरडतात. मधे जाळी, अलीकडे आम्ही, पलीकडे ते, आणि एकाच वेळी कितीतरी घरांची बोलणी. मला मोठ्यानं बोलता येत नाही. चौथीत कविता म्हणायला उभी केली तेव्हाही माझा आवाज मागच्या पोरींपर्यंत गेला नव्हता. म्हणून दर भेटीला निम्मं बोलणं मी तसंच घरी परत आणत असे.

त्या दिवशी मात्र एक गोष्ट सांगायचीच होती. यांच्या सुटकेला महिना उरला होता.

इटियाडोह धरणाच्या कालव्यातून आमच्या धानाच्या बांधीत येणारं पाणी कुणी अडवलं, यावरून दारूच्या भरात यांनी शेजाऱ्याच्या डोक्यात फावड्याचा दांडा घातला होता. माणूस वाचला, यांना शिक्षा झाली. त्या गावात परत जायची सोय उरली नाही. मी पोरीला घेऊन केशोरीला माहेरी, बाबांच्या घरी आले. बाबांनी आम्हाला ठेवून घेतलं, पण जावयासाठी अट घातली. "तो सुटून आला का आंगणात चार लोकांसमोर, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडाची शपथ घेईन, मंगच घरात पाय ठेवन. नाई तर तू इथं आन् तो तिकडं."

मी जाळीला तोंड लावून ओरडले, "बाबा शपथ मागते! पोरीच्या डोक्यावर हात ठेवून! घ्याल ना?"

यांनी मान हलवली. "नाई घेत."

"काऊन?"

"तीनदा घेतली ना वो! तुह्या गळ्याची घेतली, मायची घेतली, विहारात सगळ्यांसमोर घेतली. काय झालं?"

माझ्या शेजारची बाई हसून म्हणाली, "घेऊन टाक ना दादा, शपथेले काय पैसे लागते?"

हे हसले नाहीत. वेळ संपली म्हणून शिपायानं त्यांना मागे घेतलं.

त्यांचं खोटं नव्हतं. विहारात दारू न पिण्याचं पाचवं शील सगळ्यांत मोठ्या आवाजात हेच म्हणायचे आणि दिवेलागणीला मोहाची दारू पिऊन घरी यायचे. पण मला वाटलं, शपथ नको म्हणतात म्हणजे सोडायचीच नाही. मला बाप आणि नवरा यांतून एक निवडावा लागणार होता.

फाटकाबाहेर व्यसनमुक्ती संस्थेच्या मॅडम दिसल्या. दर आठवड्याला त्या जेलात येत, दारू-गांजाच्या लोकांना गोल बसवून बोलत, हे मला यांनीच सांगितलं होतं. मी त्यांच्या मागे एसटी स्टँडपर्यंत गेले. त्यांच्याच गाडीत, त्यांच्याच बाकावर बसले, तरी तोंड उघडेना. माझा स्टॉप जवळ यायला लागला तेव्हा एकदाचं विचारलं.

"मॅडम, शपथ घेऊ नका म्हणून तुमीच सांगतलं का त्याईले?"

"नाही ताई. दारू सोडा असंही मी सांगत नाही. मी विचारते."

"काय विचारता?"

"आधी विचारलं, दारूचं चांगलं काय वाटतं. सगळे हसले, मग खरं बोलायला लागले. नंतर विचारलं, सोडावी असं किती वाटतं, शून्य ते दहा. जो आकडा येईल त्यावर विचारते, याहून कमी का नाही?"

मला ती थट्टा वाटली. "कमी काऊन? जास्त काऊन नाई असं विचारा ना!"

"तसं विचारलं की माणूस दारूची बाजू घेऊन भांडतो, ताई. कमी का नाही विचारलं की सोडायची कारणं त्याच्याच तोंडून निघतात."

"यायनं किती सांगतलं?"

"ते त्यांनाच विचारा. त्यांची गोष्ट मी कशी सांगू?"

मी उतरले. महिनाभर तो आकडा माझ्या डोक्यात फिरत राहिला.

हे सुटून आले त्या संध्याकाळी बाबा दारात बाज आडवी टाकून बसले होते. शेजारची माणसं जमली होती. पोरीला अंगणाच्या मधोमध उभं केलं होतं. तेव्हा ती तिसरीत होती. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

"ठेव हात, जवाई," बाबा म्हणाले.

यांनी पिशवी खाली ठेवली. हात जागचा हलला नाही. "मामाजी, माफ करा. शपथ नाई घेत मी."

"मंग आल्या पावली जाय. शेवटची एसटी अजून गेली नाई."

हे वाकले, पिशवी उचलली. मी चौकटीला धरून उभी होते. बाबांसमोर, त्यातही परक्या माणसांत, मी कधी बोलले नव्हते.

"किती?" मी म्हणाले.

सगळे वळून बघू लागले.

"दहातून किती?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. "तवा जेलात चार होते. आता पाच म्हन."

"पाच?" बाबा म्हणाले. "म्हंजे अर्धीच पिशीन?"

माणसं हसली. मला हसू आलं नाही. "पाच तरी काऊन? शून्य काऊन नाई?"

यांनी पिशवी परत खाली ठेवली. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "जेलात जाच्या आधी, सकाळी तोंड धुवाले पोरगी मह्या हातावर पानी टाके. पानी टाकताना हात पाये. थरथरत असले का मने, आज पायी जातो शाळेत. नसले तरच मह्या सायकलवर बसे. तिले वाटे मले कळत नाई, पन मी पायत होतो."

बाबांनी पोरीला विचारलं, "खरं का वो?"

तिनं मान हलवली.

मला यातलं काही माहीत नव्हतं. तिकडच्या घरी मी रोज त्याच अंगणात भांडी घासत असे.

बाबा उठले. बाज भिंतीला उभी केली. "रांजनात पानी आहे. पाय धू," म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी पोरीनं पाणी टाकलं. जेलात इतके दिवस थेंब नव्हता, तरी यांचे हात थरथरत होते. दारूनं नव्हे, ती काय म्हणेल या धास्तीनं. पण तिला ते कसं कळावं? "आज पायी जातो," ती म्हणाली. यांनी बाबांची सायकल काढली आणि हातात धरून तिच्या बाजूनं शाळेपर्यंत चालत गेले. आठवडाभर तसेच गेले. मग एका सकाळी ती आपणहून मागे बसली.

धानाची कापणी संपली त्या दिवशी मात्र हे पिऊन आले. बाबा जेवताना बोलत राहिले, "सुटला वाटते पाचाचा पाढा!" मी ताटावरून उठले. सकाळी यांनी हात पुढे केलेच नाहीत. सायकल काढून रस्त्यावर उभे राहिले, हातात धरून. पोरगी दप्तर घेऊन बाहेर आली, त्यांच्याकडे पाहिलं आणि चालू लागली. सायकल दोघांच्या मधून जात होती.

संध्याकाळी मी विचारलं, किती. आता हळू विचारता येत होतं. मधे जाळी नव्हती.

"तीन," हे म्हणाले.

"दोन काऊन नाई?"

त्यावर ते दिवा लावायची वेळ टळून गेली तरी बोलत राहिले आणि मी ऐकत बसले.