जपानी गाणं आणि रविवारचा टँकर

माझ्या पुतण्यांना परवा मोबाइलवर एक जुनं जपानी कार्टून सापडलं. त्याचं हिंदीतलं शीर्षकगीत लागलं आणि चाळिशी ओलांडलेली सासरची मंडळी डोळे पुसायला लागली. म्हणे बालपण आठवलं! यांचं बालपण सोलापुरात, पंख्याखाली गेलं. माझं लोहाऱ्याजवळच्या एका गावात, घागरीमागं.

नव्वदच्या दशकाची पहिली वर्षं सरत आली होती, पाऊस त्याच्या आधीच सरला होता. गावात टीव्ही एकच, दूध संस्थेच्या खोलीत. संस्थेच्या चेअरमनना जपानचं भारी वेड. लातूरपलीकडं कधी गेले नव्हते, पण भाषणात हमखास म्हणायचे, "जपान बघा! राखेतनं उठला. तुमी घागरीवरनं उठंना गेलाव!" रविवारी ते कार्टून लागलं की टीव्हीपुढं माइक ठेवून गाणं भोंग्यावर सोडायचे. गावाचा विकास असा थेट कानात यायचा.

टँकरही रविवारीच, त्याच वेळेला. त्यामुळं गाणं म्हणजे टँकर, हे गावात पक्कं झालं. पहिल्या ओळीलाच बाया घागरी घेऊन पळायच्या. कार्टून कसलं होतं, त्यांनी कधी पाहिलं नाही.

संस्थेची वार्षिक सभा आली. सभेला लागणारी संख्या भरेना, आणि त्याशिवाय चेअरमनची फेरनिवड होईना. कागदावर सभासद बहुतेक बायाच. म्हशीचं नाव चालत नव्हतं म्हणून त्यांचं लावलेलं. चेअरमननी डोकं चालवलं. गाणं टेप करून ठेवलं होतं, ते बुधवारी भर दुपारी भोंग्यावर लावलं.

आई भाकरी तव्यावर टाकून पळाली, मागनं मी. संस्थेपुढं टँकर नव्हता, सतरंजी होती.

"बसा बसा, माउल्यांनो," चेअरमन हसत म्हणाले. "आलाच हाव तर हात वर करा."

बायांनी हात वर केले. दुसऱ्या हातात रिकामी घागर होती. एकमतानं निवड झाली, पेढे वाटले, आणि पेढ्यावर प्यायला पाणी नव्हतं. आई घरी आली तेव्हा भाकरीचा कोळसा झाला होता.

पुढच्या रविवारी गाणं लागलं. आई उठली नाही. "एकदा येडं केलं, लई झालं," म्हणाली. मला वाटलं, जावं. पण तिचा चेहरा बघून मीही उठले नाही. त्या दिवशी टँकर खरंच आला होता. आम्हाला कळलं तेव्हा त्याच्या नळीखालचा चिखलसुद्धा लोकांनी पायांनी घरी नेला होता. पुढचा आठवडा आईनं दूरच्या विहिरीवरून खेपा घातल्या. चेअरमनचा मला तेव्हा संताप आला होता, आणि तो अजून उतरलेला नाही.

आता आई माझ्याकडंच असते. घरात चोवीस तास नळ आहे. परवा पुतण्यांनी ते गाणं लावलं तेव्हा ती कॉटवर पडून होती. बाकीचे डोळे पुसत होते. ती कोपरावर उठली आणि मला हळूच म्हणाली,

"जा, आधी बघून ये. टँकर खरंच आलाय का?"