उतरलेला ढोल

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ढोल दुरुस्त करणारे एक चाचा बसतात. बोलणं संपलं की स्वतःच्या मांडीवर एक थाप मारतात. थाप पडली नाही, तर समजायचं, अजून काहीतरी यायचंय.

आमच्या बँडच्या दुसऱ्या अल्बमसाठी मी त्यांच्याच दुकानातल्या ढोलाचा ठेका फोनवर टिपला होता, तोही न विचारता. त्या तुकड्यावर आम्ही लॅपटॉपवर सगळी गाणी रचली. मग वरून खरा ढोल वाजवायला गेलो, तर दोन्ही जुळेनात. तुकड्याचा सूर चढवून पाहिला, तर तो पत्र्याच्या डब्यासारखा वाजायला लागला. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी होतं. शेवटी चाचांकडे जाऊन सगळं कबूल केलं.

त्यांनी हेडफोन एकाच कानाला लावला. मला वाटलं, आता शिव्या बसणार.

"हा तर उतरलेला ढोल हे," ते म्हणाले. "दमट हवेनं कातड्याचं पान सैल पडलं होतं. मी चढवायच्या आधीच घेतलं तुम्ही."

थाप पडली नाही.

सैल ढोल ते कधी दुकानाबाहेर जाऊ देत नाहीत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, बसवून ठेवतात. त्याच माणसाने नुकताच चढवलेला ढोल पुढ्यात ओढला आणि फोनमधल्या आवाजाला येईपर्यंत एकेक दोरी ढिली केली. माझा जीव भांड्यात पडला.

"पण अल्बमवर माझं नाव नका टाकू," ढोल माझ्याकडे सरकवत ते म्हणाले. "लोक म्हणतील, ह्याच्याकडून ढोल असा जातो."

मग मांडीवर थाप पडली.