मामाजींच्या वहाणा

माझे सासरे घरी यायचे तेव्हा आधी त्यांच्या वहाणा ऐकू यायच्या. कर्र-कर्र, अगदी एका मापात. बुलढाण्याच्या शाळेत उभा जन्म मुलांना ड्रिल शिकवलेला माणूस. पेन्शन घेऊन पिंपळगाव राजाला आले, तरी अंगणातून ओसरीवर येतानाही त्यांचं पाऊल चुकत नसे. गाव त्यांना ड्रिलमास्तर म्हणे. मी मामाजी म्हणायची, तेही पदर सावरून, दाराआडून.

वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चालायचा, तेव्हाची ही गोष्ट. आमच्याकडे मुलगा हाताशी आला की बापाने बाजेवर बसायचं. पाण्याचा तांब्यासुद्धा सुनेनं हातात द्यायचा. बाप जितका कमी हलेल, तितकं मुलाचं नाव मोठं. मामाजींना या रीतीची भारी चीड. बाजेवर बसलेला म्हातारा दिसला की तिथेच थांबून म्हणायचे, "गुडघा तुहा हाये ना? मंग पोराले काय इचारतं?"

असे सात म्हातारे गोळा करून त्यांनी गावाबाहेरच्या माळावर आट्यापाट्यांचा डाव मांडला. रोज सकाळी माझ्याकडून चुलीतली राख मागून न्यायचे आणि तिनं पाट्या आखायचे. पाटीवरच्यानं अडवायचं, समोरच्यानं हुलकावणी देऊन पार व्हायचं. पळणं तसं कुणालाच जमत नसे. पहिली पाटी कादरचाचा पिंजाऱ्याची. धुणं घेऊन जाताना मी एकदा पाहिलं, तोंडात दात नसलेली ती माणसं पोट धरधरून हसत होती. त्यांच्या घरांत मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

गाव मात्र भलतंच हसायला लागलं. पोरं भाकर देत नसतील, म्हणून म्हातारे माळावर धावतात, असं पारावर बोललं जाऊ लागलं. मुलांना ते झोंबलं. एकेक मुलगा आला आणि बापाला हात धरून घेऊन गेला. कुणी भांडलं नाही, उलट जाताना मामाजींच्या पाया पडले. मामाजी दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन हाका मारत. आतून सून सांगे, झोपलेत.

शेवटी कादरचाचा उरले. दोघांत डाव होत नाही, तरी चाचा पाटी धरत आणि मामाजी हुलकावणी देत. मग चाचांचा मुलगाही हात जोडून आला. "मास्तर, इज्जतीचा सवाल हाये," एवढंच म्हणाला.

त्यानंतर मामाजी एकटेच राख घेऊन जात. एक दिवस माळावर त्यांचा पाय मुरगळला. आमच्या ह्यांनी त्यांना पाठीवर घालून घरी आणलं, तेव्हा मुलगा असावा तर असा, असं सगळं गाव म्हणालं. नवी बाज विणून घेतली. हे वाईट नव्हते हो, बापावर जीव होता त्यांचा. पाय पंधरा दिवसांत बरा झाला. मामाजी उठायला लागले, तेव्हा ह्यांनी मला वहाणा लपवायला सांगितलं. मी त्या कणगीच्या मागे सारल्या.

"सूनबाई, माह्या वाहना कुठी हायेत?"

"मले नाई ठाव, मामाजी."

मी खोटं बोलले, त्याची लाज मला आजही वाटते. त्यांना ते कळलं होतं. तीन दिवस त्यांनी आधी राख मागितली, मग वहाणा विचारल्या. चौथ्या दिवशी काहीच विचारलं नाही. मी पाण्याचा तांब्या नेला, तो त्यांनी बाजेवर बसूनच घेतला.

वर्ष काही पुरं झालं नाही. पायांच्या काड्या झाल्या होत्या. शेवटी कूस बदलायलाही दोघं लागायची.

तेरवीला वहाणांचं दान असतं, पुढची वाट काट्याकुट्यांची म्हणून. ह्यांनी चांभाराकडून नवा जोड करून घेतला, स्वतःच्या हातानं तेल लावलं. डोळे पुसत म्हणाले, "बाबाले चालाले तकलीफ नको व्हायले."

मी आत जाऊन कणगीमागून जुना जोड काढला. टाचेच्या शिवणीत माळावरची राख अजून होती. बाहेर नेऊन दाखवायची हिंमत मला झाली नाही. होता तिथेच परत ठेवला.

आता माझीही बाज ओसरीवर आहे. सून तांब्या घेऊन येते. आज उठून आपल्या हातानं घ्यायचं, असं मी रोज ठरवते. मग ती समोर येते, आणि मी हात पुढे करते.