अर्ध्यावर थांबलेलं औक्षण

कुरुळीतल्या खानावळवाल्या मावशींनी मला सांभाळलं, हे आधी लिहितो. बाकीचं मग.

मी नांदेडकडचा, नववीतून शाळा सोडलेला. चाकणला एका कंपनीत कंत्राटावर होतो. इथं सात महिने भरले की ब्रेक देतात. परत घ्यायचं की नाही, ते ठेकेदाराच्या मर्जीवर. त्या वर्षी मंदीमुळं ब्रेक लांबतच गेला. आईला फोनवर मात्र ‘शिफ्ट चालू आहे’ म्हणायचो. मावशी ताट वाढायच्या, पैशाचं काही विचारायच्या नाहीत.

प्रचाराला नेते गावात येणार होते. ठेकेदार त्यांचाच माणूस. त्यानं आम्हा ब्रेकवरच्या बाराजणांना बजावलं, “पुढं बसायचं, टाळ्या वाजवायच्या, तोंड उघडायचं नाही. मग बघू गेटपासचं.” औक्षणाला त्यानंच मावशींना बोलावलं.

नेते खुर्चीत सावरून बसले. मावशींनी कुंकू लावलं, ताट एकदा ओवाळलं आणि दुसऱ्या फेरीत हात मध्येच थांबवला. निरांजन थेट त्यांच्या तोंडासमोर.

“दादा, मागल्या खेपंला बी म्याच ओवाळलं व्हतं. पोरांना कायम करतो म्हनला व्हता. ही बगा, घरी बसल्यात. ग्यासची टाकी महागली, तेल महागलं. यांच्या ताटात काय वाढू, सांगा.”

“आक्का, आधी ओवाळून तर घ्या,” नेते हसले.

“घेते की. तुमी बोला, मंग फिरवते.”

औक्षण अर्ध्यावर टाकून उठायचं कसं? तेही निवडणुकीच्या तोंडावर! नेते जागचे हलेनात. मागून कुणीतरी ओरडलं, “वात विझायच्या आत बोला राव!” मांडव हसला. मला वाटलं, गेला आपला गेटपास. तरी नजर मावशींवरून हटेना. एवढीशी बाई, पण ताट तसंच धरून उभी. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

शेवटी नेत्यांनी ठेकेदाराला हाक मारली. “सोमवारी घे रे पोरांना.”

मावशींनी राहिलेली फेरी पुरी केली. नेत्यांनी ताटात टाकलेली नोट तेवढी त्यांच्या हातात परत दिली.

सोमवारी बारांपैकी चौघांनाच घेतलं. चौथा मी. गेटबाहेर राहिलेल्यांकडं बघवेना. सात महिन्यांनी पुन्हा तेच आहे, ही धाकधूक रोज डब्याबरोबर नेतो.

मावशी, कायम झाल्याचं पत्र मिळेल तेव्हा आईला इकडं आणीन. तुम्हाला पाटावर बसवीन, आणि आई तुम्हाला ओवाळेल.