अक्कांच्या दबक्या शिव्या

घरमालकीण अक्कांमुळे मी त्या खेपेला देवगडला घरी पोचलो, हे आधी सांगतो. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत मी त्यांच्या माडीवर राहतो आणि सोनं गाळायच्या भट्टीवर काम करतो. अक्कांचं मराठी जुन्या वळणाचं, तमिळ हेल काढलेलं, आणि सगळं ओरडून. दूधवाला, गाय, देव, कोणालाच सूट नाही.

गावी निघालो त्याच दिवशी माझी अर्धशिशी उठली. स्टँडवर उलटी झाली, डोळे उघडेनात. बसच्या पायरीवर पाय ठेवला तसा कंडक्टर म्हणाला, "प्यायलेल्याला घेत नाही. उतर." अजून संताप होतो. भट्टीवरचा शेठ सोंग म्हणतो, हा दारू म्हणाला. डोकंच दुखतंय, हे कोणी मानायलाच तयार नाही. आई वाट बघत होती, समुद्राच्या वाऱ्यात डोकं शांत होणार होतं, आणि मला तोंड उघडता येत नव्हतं.

दहीभाताचा डबा घेऊन सोडायला आलेल्या अक्का पुढे झाल्या. मी कान दाबले. पण त्या कुजबुजल्या. तमिळमधल्या ठेवणीतल्या शिव्या त्यांनी इतक्या हळू दिल्या, की ऐकायला कंडक्टरला वाकावं लागलं. शेवटी त्यानंच माझी पिशवी आत ठेवली.

"ओरडला असतात तर लवकर ऐकलं असतं त्यानं," मी पुटपुटलो.

"अय्यो, तुझं डोकं फुटलं असतं की रे, वेड्या."

एकदा अक्कांना आमच्या किनाऱ्यावर नेणार आहे. तिथे लाटांपुढे त्यांनी पोटभर ओरडावं. मी कान दाबणार नाही.